घरच्या घरी आरएक्स १०० चं इंजिन उघडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेकॅनिक नाही. नोकरी सांभाळून परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन इंजिनं उघडली आणि बंद केली, त्यातलं एक दोनदा. ते दोनदा का, हे पुढं येईलच. कोल्हापुरात असल्यामुळं उद्यमनगर, म्हणजे इथली कारखान्यांची आणि वर्कशॉपची वस्ती, सायकलच्या अंतरावर आहे, हे माझं नशीब. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

हे नेमकं कोणत्या इंजिनाबद्दल आहे?

यामाहा आरएक्स १००. आखणी जपानची. नोव्हेंबर १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सनं ती भारतात आणली. सुरुवातीच्या गाड्या जपानहून सुट्या भागांत येऊन इथं जोडल्या गेल्या, पुढं भाग इथंच बनू लागले आणि १९९६ मध्ये गाडी बंद झाली. इंजिन ९८ सीसीचं, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिमी. ताकद ११ हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणून तर ती तशी उडायची.

घरी शिकायला याहून चांगलं इंजिन मला माहीत नाही. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. राजदूत ३५० हवी असेल तर ती दुसऱ्या खेपेला घ्या. दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, कॉन्टॅक्ट पॉइंट, सहा गिअर: चुकायच्या जागा दुपटीहून जास्त.

ही गाडी "व्हिंटेज" म्हणता येते का?

बोलण्यात म्हणा. कायद्यानं नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेलं वाहनच व्हिंटेज धरलं जातं. सगळ्यात जुन्या आरएक्सलाही त्यासाठी २०३५ उजाडावं लागेल.

इंजिन चालू आहे. तरी उघडावं का?

आधी ऐका, मग पाना हातात घ्या. चालू इंजिन जे सांगतं ते उघडलेलं सांगत नाही. मी वहीत पाच गोष्टी लिहितो: थंड असताना किती किक लागतात, तापल्यावर पिस्टनचा टणटण आवाज येतो का, खालून गुरगुर येते का, धूर कसा आहे, आणि गिअरबॉक्सचं ऑईल कमी होतंय का.

धूर आणि गिअर ऑईल या दोन गोष्टी एकत्र वाचायच्या. पांढरट-निळा धूर थांबतच नसेल आणि गिअरबॉक्सचं ऑईल दर महिन्याला खाली जात असेल, तर क्रँकच्या (पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या) क्लचकडचं ऑईल सील गेलंय. इंजिन ते ऑईल आत ओढून जाळतंय. उलट, रेस सोडली तरी इंजिन वरच ओरडत राहतं, कार्ब्युरेटर दहा वेळा सेट केला तरी आयडलिंग बसत नाही, अशी तक्रार असेल तर क्रँकच्या दुसऱ्या टोकाला, मॅग्नेटकडच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाकडच्या) सीलमधून हवा आत शिरते आहे, हा पहिला संशय. अशा इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते, तापमान चढतं आणि एक दिवस भर रस्त्यात पिस्टन चिकटतो. कार्ब्युरेटर ट्युनिंगवर पैसे घालवण्याआधी हे तपासा.

यातलं काहीच नसेल आणि गाडी नीट पळत असेल तर कार्बन काढा, प्लग बदला, गिअर ऑईल बदला आणि फिरायला जा.

हत्यारं कोणती लागतील?

साधे पाने, टी-पाने, सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढायची पक्कड, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), मॅग्नेट ओढायचा पुलर आणि क्लच धरायचा होल्डर. मॅग्नेट हातोडीनं काढणाऱ्या माणसाला मी माझ्या शेडमध्ये येऊ देत नाही. टॉर्क पाना उसना मिळाला तरी चालेल, पण हवाच.

आता स्क्रू. पहिल्याच दिवशी सगळ्यांचं इथंच अडतं. कव्हरचे फुलीचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जपानी मापाचे असतात. काहींच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, तीच त्यांची खूण. दुकानातला फिलिप्स ड्रायव्हर त्या फुलीत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की तो वर उसळतो आणि डोकं खाऊन टाकतो. मग आपण म्हणतो, स्क्रू जाम आहे. जाम नसतो, ड्रायव्हर चुकीचा असतो. जपानी मापाचा, म्हणजे जेआयएस, ड्रायव्हर मागवून घ्या आणि सोबत हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर ठेवा. दोन ठोके सरळ डोक्यावर, मग इम्पॅक्ट, मग स्क्रू मुकाट्यानं येतो. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की काम लेथवाल्याकडं गेलंच म्हणून समजा.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं पिस्टन चिकटलंय. किक मारून सुटेल का?

सुटलंच तर रिंग तुटून सुटेल. प्लग काढा. पिस्टन बुडेल इतकं डिझेल आणि गिअर ऑईल अर्धं-अर्धं करून भोकातून ओता, वर फडकं घाला आणि आठवडाभर विसरा. रोज संध्याकाळी थोडं भरत राहा. मग मॅग्नेटच्या नटावर पाना लावून हलक्या हातानं पुढं-मागं डोलवा. केसभर हललं तरी जिंकलात, तसंच डोलवत राहायचं. तरीही नाही हललं तर हेड काढून सिलिंडर गरम करा आणि पिस्टनच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. लोखंड थेट पिस्टनवर कधीच नाही.

उघडताना भाग हरवू नयेत म्हणून काय करता?

अंड्यांचे ट्रे. प्रत्येक खळग्यात एका जागचे नट-बोल्ट. कव्हरच्या स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढतो आणि जिथला स्क्रू तिथंच खोचतो. लांब स्क्रू आखूड जागी घुसवला तर आतला भाग फोडतो, हे मी बघितलंय. फोटो काढा, पण वहीही ठेवा. फोटोत वॉशरची जाडी दिसत नाही.

पिस्टन काढताना क्रँककेसच्या (क्रँक बसतो त्या खालच्या खोक्याच्या) तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं. मी पहिल्या वेळी ते काढलं, कारण "एक मिनिटाचं तर काम". गजन पिनची (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनची) सर्क्लिप टिंग करून उडाली. दोन संध्याकाळ टॉर्च आणि चुंबक घेऊन क्रँककेसमध्ये शोधली. इंजिन उलटं केलं, हलवलं, डिझेलनं धुतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "तुझ्या चपलेत हे काय टोचतंय रे?" सर्क्लिप चपलेच्या टाचेत रुतली होती. सापडली म्हणून ती पुन्हा वापरायची नाही. सर्क्लिप नेहमी नवी.

जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका. त्या काळच्या पॅकिंगात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून, मऊ झाल्यावर काढा.

बोअर करायचं की फक्त रिंगा बदलायच्या?

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

डोळ्यांनी ठरवू नका, बोटानं तर नकोच. "हात फिरवला, चांगलाय" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. नव्या जोडणीत पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट साधारण ०.०४ ते ०.०५ मिमी असते. डोक्याचा केस याहून जाड. आपल्याकडच्या साध्या व्हर्नियरचा बारकावा ०.०२ मिमी, म्हणजे जे मोजायचं त्याच्या निम्म्याइतकी चूक हत्यारातच. हे माप मायक्रोमीटर आणि बोअर गेजनंच होतं. दोन्ही विकत घ्यायची गरज नाही, चांगल्या बोअरिंगवाल्याकडं असतात. समोर उभं राहून मापून घ्या आणि वहीत उतरवा.

सिलिंडर सहा ठिकाणी मापायचा: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना. वर-खालच्या मापांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर सिलिंडर निमुळता झालाय, नुसत्या रिंगांनी भागणार नाही. पिस्टन स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, पिनच्या काटकोनात मापा. पिस्टन पूर्ण गोल नसतो, म्हणून भलतीकडं मापलं की भलताच आकडा येतो.

ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी असे पायरीपायरीनं मिळतात. सिलिंडरला आयुष्यात जेमतेम चारच बोअर आहेत, मग नवी स्लीव्ह, म्हणजे आतलं लोखंडी अस्तर. त्यामुळं "एकदम पन्नास करून टाकू, निवांत" असं कुणी म्हणालं तर विचारा, पंचवीसमध्ये साफ होत नाही का?

पिस्टन आधी घ्या, बोअर नंतर करा. उद्यमनगरात मी ज्यांच्याकडं जातो ते काका सिलिंडरकडं बघतसुद्धा नाहीत. पहिला प्रश्न, "पिस्टन आणलास?" नसेल तर, "मग उद्या ये." डब्यावर काहीही छापलेलं असो, ते हातातला पिस्टन मापून त्याला फट ठेवूनच बोअर करतात. पुण्यात नाना पेठेत किंवा आणखी कुठं पिस्टन किट घेतलं तरी हा नियम मोडू नका.

बोअर आणि होनिंग (आतून बारीक घासणं) झालं की पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या हवा-धुराच्या खिडक्यांच्या, कडा. बोअरिंगनंतर त्या ब्लेडसारख्या धारदार होतात. त्या गोलसर मारून घेतल्या नाहीत तर रिंग त्यात अडकून मोडते. काम परत घेताना आतून प्रत्येक पोर्टवर करंगळी फिरवून बघा. मग घरी येऊन गरम पाण्यात साबण घालून सिलिंडर धुवा, पांढऱ्या फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत. होनिंगची पूड डिझेलनं जात नाही, साबणानंच जाते. वाळवून लगेच ऑईल लावा, नाहीतर तासाभरात तांबूस होतो.

रिंग नुसती सिलिंडरमध्ये बसवून टोकांमधली फट फीलर गेजनं बघा. ५० मिमी बोअरला ०.१५ ते ०.३५ मिमीच्या दरम्यान यायला हवी. रिंगची टोकं खाचेतल्या बारीक पिनेवर बसलीत ना, हे सिलिंडर घालताना दोनदा बघा. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडं.

क्रँक घरी उघडता येतो का?

नाही. तो बोल्टचा नसून प्रेसमध्ये दाबून बसवलेला असतो. कनेक्टिंग रॉड, पिन आणि बेअरिंगचं किट मिळतं, पण ते हायड्रॉलिक प्रेसवर बसवून, दोन सेंटरमध्ये धरून, डायल गेजवर सरळ करावं लागतं. डोलणं ०.०३ मिमीच्या आत आलं पाहिजे. काम परत घेताना गेज लावून फिरवून दाखवा म्हणा. तांब्याच्या हातोडीनं टोले देत क्रँक सरळ करणारा कारागीर बघणं हा एक सोहळाच असतो. गेजचा काटा जवळजवळ थांबतो तेव्हा आपण उगाच श्वास रोखलेला असतो.

क्रँक गेलाय की नाही, हे मात्र घरी कळतं. रॉड वर-खाली ओढा: सरळ रेषेत जरासुद्धा टक् जाणवलं तर किट बदला. रॉडचं वरचं टोक डावी-उजवीकडं डोलतं तेव्हा घाबरू नका, थोडं डोलणं असतंच. २ मिमीपर्यंत चालतं.

क्रँककेस दुभंगताना दोन अर्ध्यांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालू नका. तिथला एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, तोच आणा, आणि क्रँकसाठी सी३ (आत थोडी जास्त फट असलेलं) लिहिलेलंच. केस पाण्याचा थेंब नाचेल इतकी गरम करायची आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये. मग ते हातानंच खाली बसतं. फ्रीजरची परवानगी आधी काढा. मी मटारच्या पिशवीखाली लपवलं होतं, ते पचलं नाही.

नवी सीलं बसवली. गळत नाहीत हे कसं कळेल?

इंजिन गाडीत चढवण्याआधी दाब देऊन बघा. महागडं यंत्र नको, रक्तदाब मोजायचं जुनं घड्याळाचं यंत्र पुरतं. त्याचा ३०० चा आकडा म्हणजे साधारण पावणेसहा पीएसआय, आपल्याला हवा तेवढाच दाब. कार्ब्युरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पट्टी लावून बंद करा. जुन्या प्लगची चिनी माती फोडून त्यात नळी बसवा आणि तो प्लगच्या जागी आवळा. पिस्टन अगदी खाली ठेवा, म्हणजे वरची आणि क्रँककेसची हवा एक होते. आता फुगा दाबा, ३०० वर न्या आणि सहा मिनिटं बघा. काटा भराभर उतरला तर मॅग्नेटकडं, सिलिंडरच्या बुडाला आणि हेडला साबणाचं पाणी लावा. क्लचकडचं सील आत असतं, तिथं बुडबुडे दिसत नाहीत. त्यासाठी गिअरबॉक्सच्या ब्रीदरला (हवा बाहेर पडायच्या भोकाला) नळी लावून टोक पाण्याच्या ग्लासात सोडा. ग्लासात बुडबुडे आले तर केस पुन्हा उघडा. रडू येतं, पण रस्त्यावर येण्यापेक्षा शेडमध्ये आलेलं बरं.

ऑईल पंप ठेवू की काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑईल मिसळू?

ठेवा. पंप रेस आणि इंजिनाचा वेग बघून ऑईल देतो. हातानं मिसळलेल्या ऑईलचं पेट्रोलशी प्रमाण उतारावरही तेच आणि घाटातही तेच. "पंप भरवशाचा नाही" म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा त्यातली हवा काढलेली नसते.

हे मी अनुभवानं सांगतोय. दुसरं इंजिन दोनदा उघडायला लागलं ते याचमुळं. सगळं नवं, मापं वहीत, सील तपासलेली. ऑईलच्या नळीतली हवा काढायची राहिली. पन्हाळ्याच्या चढावर आवाज आधी कोरडा झाला, मग मागचं चाक क्षणभर धरलं गेलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. खाली उतरून बघितलं तर ऑईलची टाकी भरलेली होती आणि पारदर्शक नळीत बोटभर लांबीचा बुडबुडा आरामात बसला होता.

तेव्हापासून पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑईल वाहू देतो, केबलची खूण जुळवतो आणि पेट्रोलच्या पहिल्या टाकीत लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑईलही मिसळतो. थोडा धूर होतो, होऊ दे. ऑईलच्या बाटलीवर जासो (जपानी दर्जाची खूण) एफसी किंवा एफडी लिहिलेलं बघून घ्या.

वेग वाढवायला पोर्टिंग (सिलिंडरचे पोर्ट घासून मोठे करणं) करून घेऊ का? कट्ट्यावर सगळे म्हणतात.

कट्ट्यावरच्यांना पिस्टन घ्यायचा नाहीये.

इंजिन चकाचक पॉलिश करावं का?

सगळ्यात शेवटी, आणि कमी. सिलिंडरच्या पाकळ्यांवर जाड रंगाचे थर दिले तर उष्णता बाहेर पडायला अडचण होते. आणि कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमजवळ नेऊ नका. सायलेन्सरमधला कार्बन काढायला लोक तो वापरतात, त्याच बादलीत हेड बुडवलं तर हेड खाल्लं जातं.

आताच्या पेट्रोलनं काही बिघडतं का?

या गाड्या बनल्या तेव्हा इथेनॉलचा विचार नव्हता. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुनी पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरमधले ओ-रिंग आणि फ्लोटच्या सुईचं रबरी टोक फुगतं किंवा तडकतं, म्हणून ते सगळं नवं घाला. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. मिश्रणही थोडं हलकं होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. प्लग पांढरा दिसू लागला तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मापाचं भोक) एक नंबर वरचा लावून बघा. बदामी रंग हवा.

पहिली किक आणि रनिंग?

हेडचे नट तिरकस जोडीनं, दोन-तीन टप्प्यांत आवळलेले असोत. पहिल्यांदा चालू करून दोन-तीन मिनिटांत बंद करा आणि हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. असं तीनदा. मग हेडचे नट पुन्हा तपासा. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगानं लांब जाऊ नका, रेस कमी-जास्त करत राहा. उतारावर रेस बंद करून लांबवर गिअरमध्ये उतरू नका: तेव्हा इंजिन फिरतं जोरात आणि ऑईल मिळतं थेंबभर.

दुसऱ्या गाडीचं इंजिन किंवा केस बसवली तर?

आरएक्स १०० चा नंबर १एल१ नं सुरू होतो, जाणकार आधी तेच बघतात. केस बदलली तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या, जुन्या केसची पावती जपून ठेवा. नंबर घासायचा किंवा पुन्हा ठोकायचा सल्ला कुणी दिला तर तिथून निघा. "मेड इन जपान" कोरलेल्या केसला आता भाव आहे, त्यामुळं कोरीव काम करणारेही वाढलेत.

इंजिन उघडून वर्ष झालं, हातच लागला नाही. आता?

लाजू नका, अशी निम्मी इंजिनं पलंगाखाली आहेत. क्रँकच्या बेअरिंगवर टू-टी ऑईल सोडून चार वेळा फिरवा. सिलिंडरला आतून ऑईल लावा, गिअरना पण. सगळी तोंडं फडक्यानं बंद करा, कागदानं नको, तो ओल धरतो. पावसाळ्यात पिशवीत घट्ट बांधू नका, आतच दमट होतं. सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. अंड्यांचे ट्रे मात्र डब्यात घालून झाकण लावा. आमच्याकडं ते उंदरांनी नेले होते, स्क्रू तिथंच टाकून.